आईच्या अटकेचा दाखला

ज्या देशात आम्ही गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी दिलेला व्हिसा अजून चालू आहे आणि आईला पुन्हा जायचं आहे.

देश आईनेच निवडला. ती रोज दुपारी आमच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे टीव्ही बघायला जाते. टीव्ही आमच्याकडेही आहे, पण मी ऑफिसात असते आणि एकटीने टीव्ही बघणं तिला पटत नाही. तिथे एका प्रवासाच्या कार्यक्रमात तिला बागेतल्या बाकावर बसलेली एक म्हातारी दिसली. कोट घालून नुसती बसली होती. कॅमेरा बराच वेळ तिच्यावर होता आणि तेवढ्या वेळात तिच्याकडे कोणीही आलं नाही. संध्याकाळी मी घरी आल्यावर आई म्हणाली, "तिथे जाऊया."

मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. विमा कंपनीतली नोकरी, लग्न केलेलं नाही, रजा भरपूर शिल्लक. आई त्र्याहत्तर वर्षांची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

व्हिसाचं काम करून देणारा एक माणूस दादरला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर बसतो. ऑफिसातल्या दोघांची कामं त्याने केली होती. त्याने आम्हाला यादी दिली. फोटोची पार्श्वभूमी पांढरी, कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही. विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग, प्रवासाचा विमा, माझ्या ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं पत्र, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट, दहा दिवसांत रोज कुठे असणार त्याचा तक्ता. शिवाय आपण परत येणार याची कारणं.

"परत येणार म्हणजे?" आईने विचारलं.

"मावशी, त्यांना भीती असते की माणूस तिकडेच राहील. इकडे तुमचं काय आहे ते दाखवायचं. घर, माणसं, जबाबदारी."

आईने विचार केला. "चतुर्थीला गावी जायचं असतं," ती म्हणाली. "मूर्तीची ऑर्डर दिलेली आहे."

त्याने इंग्रजीत ‘कुटुंब आणि मालमत्ता’ असं टाईप केलं. मालमत्ता म्हणजे आमची चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतली चौदाव्या मजल्यावरची जागा.

अर्जातल्या पहिल्या अठरा प्रश्नांपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. एकोणिसावा प्रश्न त्याने वाचलाच नाही, सरळ ‘नाही’वर टिक केली. आई त्याच्या शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण एक ओळ गाळलेली तिला कळते. पूर्वी ती चाळीच्या भिशीचं टिपण ठेवायची.

"हे काय होतं?"

"काही नाही मावशी. तुम्हाला कधी अटक झालीय का, पोलिसांनी ताब्यात घेतलंय का, असलं काहीतरी. सगळे नाही लिहितात."

"मला घेतलं होतं," आई म्हणाली.

टायपिंग थांबलं. मागच्या बाकावर एक नवपरिणीत जोडपं नंबर लावून बसलं होतं, तेही वर बघायला लागलं.

मला हे माहीत होतं, पण माहीत असलेल्या गोष्टीसारखं नव्हे. गिरण्यांचा संप चालू होता तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबा संपावर. एक दिवस सकाळी आईने मला शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि ती चाळीतल्या इतर बायकांबरोबर गिरणीच्या गेटवर गेली. आत बदली कामगार घेऊन लॉरी जाणार होती. बायका लॉरीसमोर रस्त्यावर बसल्या. पोलिसांनी सगळ्यांना गाडीत घालून नेलं आणि दिवेलागणीला सोडून दिलं. आमच्या घरात ही गोष्ट अधूनमधून निघायची, पण ती ‘त्या दिवशी तू काकूंकडे वांग्याची भाजी खाल्लीस’ अशी. मी एरवी वांगं खात नसे.

एजंटने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम, तुम्ही समजवा. हे चाळीस वर्षांपूर्वीचं, केस नाही, काही नाही. तिकडच्या कॉम्प्युटरला काय कळणार? ‘हो’ लिहिलं तर फाईल अडकते."

"आई," मी म्हटलं, "ती काही खरी अटक नव्हती."

आई एरवी माझ्यासारखंच बोलते. रागावली की मालवणीत जाते. "गाडीत कोंबल्यानी, दिवसभर बसवून ठेवल्यानी," ती म्हणाली, "आणि खरी नाय? सही माझी आसा मा? होय लिव."

एजंटने ‘होय’ लिहिलं. त्याबरोबर खाली एक नवा चौकोन उघडला. तारीख, ठिकाण, कारण, शिक्षा आणि कागदपत्रं जोडा.

कागदपत्रं कुठून आणणार? मी शनिवारी आईला घेऊन आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागे एक तरुण हवालदार बाई होती. तिने नम्रपणे विचारलं, "पासपोर्टसाठी का? गुन्हा नसल्याचा दाखला हवाय ना आजी?"

"नाही," आई म्हणाली. "असल्याचा हवाय."

मी सगळं समजावून सांगितलं. हवालदार बाईने एका वयस्कर साहेबांना बोलावलं. साहेबांनी विचारलं, कलम कुठलं होतं? आईला माहीत नव्हतं. तारीख? ती म्हणाली, श्रावण होता, सोमवार होता, तिचा उपास होता. साहेबांनी डोकं हलवलं. इतकं जुनं दप्तर राहत नाही, ते म्हणाले, आणि नुसतं उचलून संध्याकाळी सोडलं असेल तर तेव्हाही नावं लिहिली असतील असं नाही. मग त्यांनी चांगुलपणाने एका कागदावर लिहून दिलं की सदर महिलेबाबत या ठाण्यात कोणतीही नोंद आढळत नाही. सही केली, शिक्का मारला. बहुतेकांना हा कागद मिळवायला दोन आठवडे लागतात. आम्हाला पंधरा मिनिटांत मिळाला.

रस्त्यावर आल्यावर आईने तो मला मोठ्याने वाचायला लावला. पुन्हा एकदा वाचायला लावला.

"म्हणजे माका पकडल्यानीच नाय?"

"तसं नाही आई. नोंद नाही म्हणालेत."

घरी जेवायला बसल्यावर आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी त्या दिवशी भात लावला होता. करपवला. तो कोणासाठी करपवला?" मी पुढे भाजी वाढली. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे आता व्हिसाचं काम राहिलेलं नाही.

त्या गाडीत आईबरोबर असलेल्या बायकांपैकी एकच आम्हाला सापडली. ती पूर्वी आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहायची, आता शिवडीला मुलाकडे असते. मी तिला मावशी म्हणते. मावशीला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली आणि मग एकदम म्हणाली, "मी गाडीत खिडकीशी होते. तुझी आई दाराशी."

"मी खिडकीशी होते," आई म्हणाली.

या मुद्द्यावर एक तास गेला. पोलिसांनी पाव दिला की पोहे, यावर आणखी थोडा. आईचा उपास होता म्हणून तिने काहीच खाल्लं नव्हतं, तेव्हा तिला काय माहीत, असं मावशीचं म्हणणं. आईचं म्हणणं, खाल्लं नाही म्हणूनच नीट बघितलं. शेवटी एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं. गाडी निघाली तेव्हा एका पोलिसाने हळूच सांगितलं होतं, माझा भाऊ पण गिरणीत आहे हो, घट्ट धरून बसा, पुढे खड्डे आहेत. हे सांगताना दोघी एकाच वेळी बोलल्या. मावशीच्या सुनेने चहा आणला तो बराच वेळ तसाच राहिला.

दोघींची प्रतिज्ञापत्रं करायची ठरली. कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका नोटरीकडे गेलो. वकीलसाहेबांनी मजकूर वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. "बाई, माझ्याकडे लोक येतात ते आपण तिथे नव्हतो म्हणून लिहून द्यायला," ते म्हणाले. "तुम्ही दोघी पहिल्याच." मावशीने अंगठ्याऐवजी सही केली. पूर्वी ती अंगठा लावायची, नातवाने तिला शिकवली होती. त्यात पाचेक मिनिटं गेली आणि मागे उभ्या असलेल्या माणसांनी काही म्हटलं नाही.

मी आईचं निवेदन इंग्रजीत केलं. ते एका पानाचं होतं. त्याच्यासोबत पोलिसांचा नोंद नसल्याचा कागद आणि नोंद असायला हवी होती असं सांगणारी दोन प्रतिज्ञापत्रं. एजंटने फाईल हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. "मॅडम, रिजेक्ट झालं तर मला बोलायचं नाही."

मी काही बोलणार नव्हते. खरं सांगायचं तर ते रिजेक्ट व्हावं असं मला थोडं वाटत होतं. पन्नाशीला आल्यावर आईमुळे एखादी गोष्ट अडली की तिचा लहानपणापेक्षा जास्त राग येतो, आणि तो दाखवायची सोय नसते.

माझा व्हिसा बारा दिवसांत आला. आईचा आला नाही. पाच आठवडे गेले. विमानाची तारीख एकदा पुढे ढकलली. आई शेजारणीकडे जायची, टीव्ही बघायची, परत यायची. एकदाच तिने विचारलं, "मी ‘नाही’ लिहिलं असतं तर एव्हाना जाऊन आलो असतो, ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग आतापर्यंत फोटो पण बघून झाले असते," आणि तांदूळ निवडायला घेतले.

सहाव्या आठवड्यात पासपोर्ट आला. आत व्हिसा होता. कोणी काही स्पष्टीकरण मागितलं नव्हतं.

तिकडच्या विमानतळावर मात्र आम्हाला रांगेतून बाजूला काढलं. छोटी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक गोरा, थकलेला अधिकारी. त्याच्या स्क्रीनवर आईचं निवेदन होतं, मी स्वतः टाईप केलेलं, ते मला तिरक्या कोनातूनही ओळखू आलं. मी भाषांतर करते म्हटलं तर तो म्हणाला, नातेवाईक चालत नाही. त्याने एक नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. थोड्या वेळाने त्यातून एक बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "नमस्कार. मी दुभाषी आहे. तुम्ही बोला."

आई बोलली. श्रावणापासून सुरुवात केली. गेट, लॉरी, उपास, पाव, सगळं सांगितलं. खिडकीशी बसल्याचंही सांगितलं. वीसेक मिनिटं झाली असतील. अधिकारी पेन हातात धरून थांबला होता. आई संपवून पाणी प्यायली. मग फोनमधल्या बाईने इंग्रजीत सांगितलं, "नवऱ्याचं काम बंद होतं म्हणून त्या रस्त्यावर बसल्या होत्या."

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "या देशात असताना त्या असं काही करतील का?"

दुभाषी बाईने विचारलं. आई लगेच ‘नाही’ म्हणाली नाही. ती त्या प्रश्नावर खरोखर विचार करत होती.

"इथे कोणाची गिरणी बंद पडलीय का?" तिने विचारलं.

"त्या नाही म्हणतात," दुभाषी बाईने सांगितलं.

शिक्का बसला.

दहा दिवस आम्ही ठरल्याप्रमाणे तक्त्यातल्या ठिकाणी होतो. आई बागेत बसली. थंडी तिला फार वाटली, आणि दोन दिवसांनी ती म्हणाली, इथे कोणी काही विचारत नाही हे खरं, पण पाचव्या-सहाव्या तासाला ते जाणवतं. फोटो भरपूर काढले. एकातही ती हसलेली नाही, तिला वाटलं तोही नियम आहे.

परत आल्यावर ती पहिल्यांदा शिवडीला गेली. खोलीत काय झालं ते मावशीला तिने अभिनयासह सांगितलं, त्या थकलेल्या अधिकाऱ्यासकट. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"त्याने लिहून घेतलं?" तिने विचारलं.

"माझ्यादेखत."

"माझं नाव घेतलंस?"

"नाही," आई म्हणाली. तिने मावशीचं नाव घेतलं नव्हतं. प्रतिज्ञापत्रात होतं, पण तोंडाने घेतलं नव्हतं, आणि आई याबाबतीत खोटं बोलत नाही.

मागच्या आठवड्यात मावशीच्या नातवाचा मला फोन आला. आजीला पासपोर्ट काढायचा आहे, कागद काय काय लागतात? मी विचारलं, कुठे जायचं ठरलंय? तो म्हणाला, तेच कळत नाही, तिला विचारलं तर म्हणते, जिथे तो प्रश्न विचारतात तिथे.