राहिलेली बाही

बायको गेली तेव्हा लेकीच्या फ्रॉकची एक बाही आणि बटणं लावायची राहिली होती. वर्षभर तो फ्रॉक मी कपाटातून काढलाच नाही. एका रविवारी घोलवडच्या चिकूवाडीतलं माझं काम बंद होतं, तेव्हा सात वर्षांची लेकच तो घेऊन आली.

"बाबा, आपण लावूया."

मला फक्त पोती शिवायची सवय, त्यामुळे टाके लांब लांब पडले. बटणं मात्र तिने नीट लावली. तिला घालून बघायला गेलो, तर फ्रॉक खांद्यांवरच अडकला.

"मी मोठी होणार हे आईला माहीत नव्हतं?" तिने विचारलं.

"माहीत होतं. तिला ते बघायचं होतं."

लेक मला टेकून बसून राहिली.