साडूचा आराखडा

ऑफिसात त्याला सगळे पहारेकरी म्हणत. आकाशात फिरणारा एक जुना उपग्रह रोज जमिनीचे फोटो पाठवायचा, आणि त्या फोटोंतला जंगलांचा हिरवा रंग पूर्वीसारखाच मोजला जातोय ना, हे तपासणं त्याचं काम. काम किचकट आणि कौतुक शून्य. पण त्याची तक्रार नव्हती. निदान साडू येईपर्यंत तरी नव्हती.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने बराच लहान, बोलायला गोड, सासूबाईंच्या गळ्यातला ताईत. इतकी वर्षं तो दूरच्या शहरात होता, त्यामुळे पहारेकऱ्याच्या पोटातलं दुखणं लग्नकार्यापुरतंच उठायचं. पुढच्या तीस वर्षांत कोणते उपग्रह सोडायचे आणि कोणता कधी बंद करायचा, याचा आराखडा करायला मुख्य कार्यालयाने माणूस नेमला, आणि तो माणूस नेमका साडू निघाला. त्याला खोलीही मिळाली ती पहारेकऱ्याच्याच मजल्यावर, मोठ्या खिडकीची. पहारेकऱ्याचं टेबल जिन्याजवळ होतं.

त्या रविवारी सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले. साडूने वाट्या सरकवून सरकवून कोणता उपग्रह कुठून फिरेल ते दाखवलं. सासूबाईंचं स्वतःच्या ताटाकडे लक्ष नव्हतं.

"तीस वर्षांचं एकट्याने ठरवायचं? डोकं दुखत नाही का हो तुमचं?" त्या म्हणाल्या. मग काहीतरी विचारायचं म्हणून थोरल्या जावयाकडे वळल्या. "आणि तुम्ही तिथे नक्की काय करता?"

पहारेकरी तोंडातला घास गिळेपर्यंत मेहुणीनेच उत्तर दिलं. "ते फोटो बघतात, आई."

ती काही वाईट बोलली नव्हती, पण त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येताना बायको गप्पा मारत होती आणि तो 'हं, हं' करत होता.

पुढे आराखड्याचा मसुदा सगळ्या विभागांकडे वाचायला आला. पहारेकऱ्याने तो चुका शोधण्यासाठीच उघडला. मसुदा चांगला होता, हेच त्याला जास्त लागलं. पूर असो, दुष्काळ असो, वणवा असो, प्रत्येकासाठी कोणता डोळा कधी वर असेल ते नेटकं मांडलेलं. अशी मांडणी आपल्याला सुचली नसती, हे त्याला कळत होतं. आणि मग, जंगलांच्या पानावर, त्याला ती जागा सापडली.

जुना उपग्रह इंधन संपत आलं की बंद होणार होता आणि नवा त्यानंतर वर्षभराने वर जाणार होता. मध्ये वर्षाची फट. दोन कॅमेरे हिरवा रंग सारखा बघत नाहीत. दोघांनी काही काळ एकाच जमिनीकडे एकत्र बघितलं, तरच फरक जंगलात पडलाय की कॅमेऱ्यात, हे सांगता येतं. नाहीतर जुने सगळे फोटो एकीकडे आणि नवे एकीकडे, मधला धागा तुटलेला.

पहारेकऱ्याने मसुदा मिटला आणि स्वतःसाठी चहा आणला. त्या दिवसापासून तो घरात गाणं गुणगुणायला लागला. बायकोला नवल वाटलं. बैठकीत, संचालकांसमोर, सगळ्यांच्या देखत उठून बोलायचं, हे त्याचं ठरलं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती.

दोन दिवसांनी साडू त्याच्या टेबलापाशी आला. हातात चष्मा, डोळे जागरणाने लाल.

"दादा, जंगलांचं पान वाचलंत का? ते मला नीट जमलंय असं वाटत नाही. तुमच्याइतकं त्यातलं इथे कोणालाच कळत नाही."

पहारेकऱ्याच्या ओठांवर शब्द आले होते. पण समोरचा माणूस चुकल्यावरसुद्धा चांगलाच दिसत होता, आणि ते त्याला बघवेना.

"छान आहे," तो म्हणाला. "छान झालंय."

"खरंच?"

"अहो, खरंच."

साडूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

बैठकीत पहारेकरी ठरवल्याप्रमाणे उठला. ठरवल्यापेक्षा चांगलं बोलला. साडूचा चेहरा उतरला. त्याने पडद्यावरच्या तारखा पुन्हा वाचल्या आणि म्हणाला, "दादांचं बरोबर आहे. माझी चूक आहे."

संचालकबाईंनी पहारेकऱ्याकडे बघितलं. "हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"मसुदा आला तेव्हाच," तो अभिमानाने म्हणाला. म्हणाला आणि जीभ चावली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तारीख बदलून आज मंजुरी देता आली असती."

आराखडा परत गेला. पुढची बैठक सहा महिन्यांनी होती, म्हणजे नवा उपग्रह बांधायला घेणंही सहा महिने लांबलं. जुन्याचं इंधन काही कोणाच्या बैठकीसाठी थांबणार नव्हतं. पहारेकऱ्याने त्याच दुपारी हिशेब केला. वेळेवर बोलला असता, तर दोन्ही उपग्रह पूर्ण वर्षभर एकत्र चालले असते. आता जेमतेम अर्धं वर्ष मिळणार होतं, तेही झाडं निष्पर्ण असतात तेव्हाचं. पालवी फुटायच्या आत जुना बंद पडणार होता.

साडू घरी एक अक्षर बोलला नाही. बातमी मेहुणीला पहारेकऱ्याच्या शेजारच्या टेबलावरच्या कोणाकडून तरी कळली आणि तिच्याकडून बायकोला.

"त्यांनी विचारलं होतं ना तुम्हाला?" बायको म्हणाली. ती कपडे घड्या करत होती, मान वर केली नाही. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. आणि नाक तरी कोणाचं, तर ज्या उपग्रहाला पोरासारखं सांभाळलंत त्याचं."

"त्याची चूक होती."

"चूक त्यांची होती. अर्धं वर्ष तुम्ही घालवलंत."

तो उरलेले कपडे आणायला गच्चीवर गेला.

पुढच्या बैठकीत आराखडा मंजूर झाला. जंगलांचं पान साडूने पहारेकऱ्याला शेजारी बसवून लिहिलं. त्या कामात दोघांचं छान जुळलं, याचाही पहारेकऱ्याला राग यायचा. एका संध्याकाळी साडू कागद आवरता आवरता म्हणाला, "दादा, तुम्ही त्या दिवशी 'छान' म्हणालात ना, त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी निवांत झोपलो होतो."

पहारेकऱ्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

काही वर्षांनी नवा उपग्रह वर गेला. सहा महिने दोघांनी उघड्याबोडक्या जंगलांकडे एकत्र बघितलं. पालवीच्या रंगाचं गणित पहारेकऱ्याला अंदाजाने जुळवावं लागलं, आणि त्या आकड्यांपुढे त्याने 'अंदाजे' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. वर्तमानपत्रात साडूचा फोटो आला. दूरदृष्टीचा माणूस, असं खाली छापलं होतं. सासूबाईंनी तो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला.

सासूबाईंकडे गेलं की पहारेकऱ्याला तो फोटो कपाटाजवळून येता-जाता दिसायचा. पोटात दुखायचं, पूर्वीसारखंच. फक्त आता साडू काही वाचायला घेऊन आला, की तो चष्मा लावायचा आणि पहिल्या पानापासून चुका सांगायला सुरुवात करायचा, साडूला नको होईपर्यंत.