थोरल्या साडूंची न दिसणारी सर्व्हिस

झालेला आनंद पोटात ठेवणं ज्यांना उभ्या जन्मात जमलं नाही, अशा माणसांची यादी करायला घेतली, तर पहिल्या पानावर माझ्या थोरल्या साडूंशिवाय दुसरं नाव लिहायला जागाच उरणार नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं आणि सांगण्यासारखं काही असलं (ते नेहमी असायचंच), की हे स्टँड न लावताच स्कूटरवरून उतरत. स्कूटर आडवी होई, यांचं बोलणं चालूच राही. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माईक घुमायला लागला, तसे हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्टेजखाली शिरले. बिघाड सापडल्यावर "घावलं! घावलं!" अशी जी आरोळी खालून आली, तिलाच लोक शुभमंगल समजले आणि अर्ध्या मांडवानं अक्षता टाकून दिल्या. अंतरपाट अजून धरलेलाच होता. माझं लग्न नक्की कोणत्या क्षणी लागलं, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत.

उद्यमनगरात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. नव्वदचं दशक संपता संपता त्यांनी कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणला आणि पुस्तकं वाचून स्वतःच प्रोग्राम लिहायला शिकले. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "तांब्याच्या तारेनं एवढं येड लागलं न्हवतं बाई." त्यात राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात दूध थंड ठेवायचं केंद्र होतं, तिथली मोटार दुरुस्त करायला हे गेले आणि तिथल्या चेअरमनना शब्द देऊन आले, की तुमच्या टाकीवर माझा कॉम्प्युटर लक्ष ठेवील. आसपासच्या गावांचं दूध त्या एका टाकीत. ते तापलं तर ओतून द्यायचं, दुसरा इलाज नाही.

साडूंनी टाकीतल्या तापमापकापासून कॉम्प्युटरपर्यंत तार आणली आणि एक सर्व्हिस लिहिली. सर्व्हिस म्हणजे पडद्यावर न येता आतल्या आत चालणारा प्रोग्राम. कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपोआप सुरू होणार आणि मिनिटाला एकदा टाकीचं तापमान बघणार. चेअरमन बघायला आले. पडदा मोकळा.

"काय दिसतच न्हाई की! चालतंय कशावरनं?"

"दिसत न्हाई म्हंजेच चालतंय!" साडू आनंदानं ओरडले.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "पावणं, म्हैनाअखेरपतोर दिसूद्या. न्हाईतर ह्यो डबा उचला."

मग साडूंनी दुसरा प्रोग्राम लिहायला घेतला. त्यानं त्या सर्व्हिसला विचारायचं, "तापमान किती?" तिनं आकडा सांगायचा, यानं तो पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचा आणि सात अंशांच्या वर गेला की ट्रकचा हॉर्न वाजवायचा. पण सर्व्हिस काही बोलेना. प्रोग्राम विचारून वाट बघत बसे. आठ दिवस गेले. साडू जेवताना गप्प राहू लागले आणि अक्कानं घाबरून मला फोन केला. मी शाळामास्तर, मला त्यातलं काय कळणार? तरी रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून गेलो. तिथं त्यांनी मला दाखवायला म्हणून तोच प्रश्न पडद्यावरच्या एका काळ्या खिडकीत हातानं टाइप केला आणि एंटर दाबला. ताबडतोब खाली आकडा आला: चार.

"म्हणजे बोलतेय की ती," मी म्हणालो.

"हातानं इचारलं की बोलती. प्रोग्रामनं इचारलं की मुकी." एवढं बोलून ते आपल्या बोटाकडे बघत राहिले. बोट अजून एंटरवरच होतं. मग खुर्ची मागं पडली. "पावणं, मी एंटर मारतोय! त्यो मारतच न्हाई! प्रश्न संपला हे तिला कळंना, म्हणून ती आजून ऐकतीया!" दोन्ही प्रोग्राम आठ दिवस एकमेकांची वाट बघत बसले होते. साडूंनी प्रश्नाच्या शेवटी एंटरची खूण घातली, पडद्यावर टप्पोरा चार उमटला आणि हा पन्नाशीचा माणूस दुधाच्या कॅनांमधून नाचत सुटला.

पुढच्याच आठवड्यात गावात कुस्त्यांचं मैदान होतं. आम्हीही गेलो होतो. केंद्राचा ऑपरेटर सगळ्यांत पुढं बसलेला. भर दुपारी मोठी कुस्ती लागली आणि तेवढ्यात केंद्राकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. वाजतोय तो वाजतोयच. लाइट गेली होती. कॉम्प्युटर आणि हॉर्न तेवढे साडूंनी बॅटरीवर ठेवलेले. "सात! सातच्या वर गेलं!" म्हणत साडू पळाले, त्यांच्यामागं ऑपरेटर, त्याच्यामागं सगळं मैदान. लाइट नसताना टाकी थंड ठेवायला डिझेल इंजिन होतं, पण त्याचं हँडल कुणालाच फिरेना. शेवटी लाल मातीनं माखलेला एक पैलवान लंगोटावरच पुढं आला, दोन हिसके दिले आणि इंजिन धडधडायला लागलं. लोकांनी पैलवानाला खांद्यावर घेतलं. प्रोग्रामचं नाव कुणी काढलं नाही. साडूंना त्याचं काहीच नव्हतं, माझा हात धरून मला पडद्यासमोर ओढत ते म्हणाले, "ह्येनं इचारलं, तिनं सांगिटलं! मधी आपण कुठंबी न्हाई की हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चेअरमननी मात्र जाताना कॉम्प्युटरच्या डब्यावर हळूच दोनदा थाप मारली.

पाच-सहा वर्षं ती सर्व्हिस चालली. मग केंद्रानं तापमान दाखवणारं तयार पॅनेल घेतलं, रंगीत दिव्यांचं. ते बसवायच्या दिवशी साडू मला घेऊन गेले. पॅनेल बघून त्यांनी खरोखर मनापासून वाहवा केली. मग बसवायला आलेल्या इंजिनिअरला विचारलं, "ह्येला दुसऱ्या प्रोग्राममधनं काय इचारता येतंय का?"

"काका, गरजच नाही. सगळं इथंच दिसतं."

येताना स्कूटर त्यांनी सावकाश चालवली. ओळखीचे दोघं-तिघं दिसले, तरी हे थांबले नाहीत. रंकाळा तलावापाशी आल्यावर मात्र मान जरा मागं वळवून म्हणाले, "गरज न्हाई, त्ये खरं हाय. पण कुणी इचारलं तर बरं वाटतंय की, पावणं."

मी मागं बसलो होतो. वारा कानात घुमत होता. "व्हय," एवढंच मी म्हणालो, पण ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.