उज्ज्वलाताईंची उशी

फोन आला तेव्हा मी नेहमीसारखी डाव्या सीटवर होते. गंगापूर रोडला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकणारा उजवीकडे बसतो, मी डावीकडे, आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. उज्ज्वलाताईंच्या मुलीचं, मुक्ताचं नाव दिसलं म्हणून गाडी कडेला घ्यायला लावली. "मावशी, आई गेली... सकाळी, झोपेतच." मी पाणी प्यायले आणि उरलेला धडा पूर्ण केला. ताईंनी दुसरं काय सांगितलं असतं? आता महिना झाला. रडत लिहिणं मला जमत नाही, आणि ताईंची गोष्ट रडत सांगण्यासारखी नाहीच. भलतीच धमाल आहे ती!

सात वर्षांपूर्वी इगतपुरीच्या वाटेवर माझ्या एका विद्यार्थिनीने गाडी दुभाजकावर घातली. तिचा हात मोडला. ब्रेक माझ्याही पायाशी होता... आणि माझा पाय हललाच नाही. त्यानंतर डाव्या सीटवर बसले की पायाचं लाकूड व्हायचं. शिकवणं बंद पडलं. नवरा म्हणाला, "शैला, विकून टाक सगळं." मी स्वतः उभी केलेली शाळा! त्या रागातच मी ताईंकडे गेले. त्या समुपदेशन करायच्या. साठीच्या, बुटक्या, चांगल्याच फटकळ. एका दिवशी नुसता श्वास मोजायला लावायच्या, दुसऱ्या दिवशी मनात येणारे विचार वहीत लिहायला, तिसऱ्या दिवशी मध्येच माझ्या वडिलांचा विषय काढायच्या. चूक झाली की ते आठवडाभर बोलायचे नाहीत, हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटी मी वैतागले. "ताई, तुमची नेमकी पद्धत कुठली? एक काहीतरी धरा ना!" त्यांनी विचारलं, "तू घाटात कुठल्या गिअरमध्ये चालवतेस?" मी म्हटलं, "जसा चढ तसा." "मग मला का एकाच गिअरमध्ये चालवायला सांगतेस?"

चुकायच्याही बरं का. एकदा डोळे मिटून तो अपघात पुन्हा बघायला सांगितला आणि मी ताडकन उठून निघून आले. दोन आठवडे तिकडे फिरकले नाही. मग त्यांचाच फोन आला. "शैला, घाई माझी झाली. चढावर चौथा टाकला मी." आपली चूक इतक्या सरळपणे कबूल करणारं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गेले, तर म्हणाल्या, "मला गाडी येत नाही. उद्यापासून तू शिकव. आणि हा उपचाराचाच भाग आहे, मैत्री नाही. मैत्रीचं उपचार संपल्यावर बघू."

त्या उजव्या सीटवर बसल्या आणि त्यांना स्टिअरिंगच्या वरचं काही दिसेना. तशाच उतरल्या, आत गेल्या आणि खोलीतली निळ्या चौकड्यांची उशी घेऊन आल्या. "रडताना लोक हिला मांडीवर घेतात. बिचारीला जरा बाहेर फिरवू या!" चार दिवस मोकळ्या मैदानात गेले. पायाचं लाकूड तसंच. पाचव्या दिवशी रस्त्यावर आलो. समोर पेरूची हातगाडी दिसली, मी "ब्रेक!" म्हणून ओरडले, आणि ताईंनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी थांबली ती हातगाडीपासून वीतभर अंतरावर. पेरूवाला म्हणाला, "ओ मावशी, पेरू घ्यायचेत का गाडी घालायचीय?" ताई घामाने निथळत होत्या. "दोन किलो द्या," म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "शैला, खाली बघ." माझा पाय ब्रेकवर होता. घट्ट, शेवटपर्यंत दाबलेला. कधी गेला, मला कळलंही नव्हतं! आम्ही दोघी त्या रस्त्यात वेड्यासारख्या हसत सुटलो. पुढच्याच महिन्यात मी शाळा पुन्हा सुरू केली.

उपचार संपले आणि बऱ्याच काळाने, ठरल्याप्रमाणे, मैत्री झाली. मी दर भेटीत विचारायचे, "मुद्दाम केलंत ना तेव्हा?" त्या चिडायच्या. "अगं, खरंच विसरले होते ब्रेक कुठला ते! मुद्दाम कुणी पेरूवाल्याचा जीव धोक्यात घालतं का?" परवान्याच्या चाचणीत दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा गेल्याच नाहीत. म्हणाल्या, "या वयात रिक्षा बरी."

दहाव्याला मुक्ता म्हणाली, "मावशी, आईची एखादी वस्तू घेऊन जा." मी उशी मागितली. परवा एक नवी मुलगी आली, नर्स आहे, ताईंएवढीच उंच. "मॅडम, मला समोरचं दिसतच नाही." मी उशी दिली. गल्लीच्या तोंडाशी एकदम एक सायकल आडवी आली. माझा पाय ब्रेकवर टेकला... आणि तिथेच थांबला. गाडी मात्र अलगद उभी राहिली. ती घाबरून म्हणाली, "तुम्ही दाबला ना, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं, "तू दाबलास. चल, पहिला टाक."