अकरा नारिंगी टोप्या

माझ्या आत्याला घरात सगळे ‘मोजणी’ म्हणतात. ती पंधरा वर्षं परदेशात आहे, तिथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. पेशंटचं पोट उघडण्याआधी कापसाच्या पट्ट्या, सुया, चिमटे मोठ्यानं मोजायचे आणि शिवण्याआधी पुन्हा मोजायचे, हे तिचं काम. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, ही सांगते, “थांबा,” आणि तो हातात सुई धरून मुकाट थांबतो. सुट्टीवर घरी आली की पिशव्या मोजते, ताटं मोजते, दोरीवर वाळत घातलेले मोजेसुद्धा मोजते.

“माणसं राहिली तरी चालतील हिला, मोजे राहता कामा नयेत,” असं आप्पा म्हणायचे. आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. त्या दिवसानंतर त्यांनी हा विनोद बंद केला.

आप्पा महिनाभर तिच्याकडे राहायला गेले होते. परत निघायला दोन दिवस होते आणि थिएटरच्या लोकांची सहल निघाली. दुपारी समुद्राकाठी जेवण, मग मागचा डोंगर. भूल देणारे डॉक्टर हौशी. त्यांनी सगळ्यांसाठी सारख्या नारिंगी टोप्या आणल्या होत्या. माणसं अकरा, टोप्या अकरा.

“हे बघा आप्पा,” बसमध्ये आत्या दबक्या आवाजात म्हणाली, “माझ्या वरच्या, मोठ्या सिस्टर आहेत बरोबर. थिएटरात सगळ्यात कडक. मोठ्यानं ढेकर द्यायची नाही.”

“आणि शिंक?”

“शिंक चालेल.”

“उपकार झाले.”

हॉटेल वाळूलगतच होतं. टेबलांवरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर गुळगुळीत दगड ठेवलेले. आप्पांना मधुमेह. जेवणाआधीची इन्शुलिनची सुई त्यांनी शर्टाचं टोक वर करून, समुद्राकडे तोंड करून टोचून घेतली. मग जेवण आलं. भाजलेले मासे, जाड सालीचा पाव, अर्धवट शिजलेल्या भाज्या. आप्पांची कवळी नवीन, हिरडीला लागत होती. त्यांनी पाव चिवडला, भाजी इकडची तिकडे केली, दोन चमचे सूप प्यायले आणि ताटावर रुमाल पसरला.

आत्यानं ते पाहिलं नाही. ती मोठ्या सिस्टरांचा चेहरा पाहत होती.

कॉफी आली तेव्हा मात्र पाहिलं. आप्पांचा हात निळा मासा छापलेल्या साखरेच्या पुड्यांच्या वाटीत गेला आणि तिथून कोटाच्या खिशात.

“आप्पा! किती घेतल्या?”

“असू देत गं. लागतात.”

“किती?”

“सहा.”

“परत ठेवा. सगळे बघतायत. इथे असं खिशात घालत नाहीत कोणी.”

“मग वाटीत कशाला ठेवतात? शोभेला?”

“आप्पा, प्लीज. माझी लाज काढू नका. तुमच्यासाठी बिस्किटं आणलीयेत मी.”

आप्पांनी पुड्या एकेक करून वाटीत टाकल्या. आत्यानं मनात मोजल्या. सहा. घास किती गेले ते तिनं मोजलं नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली. तासाभराची चढण, पाठीवर ओझं नको म्हणून सगळ्यांनी पिशव्या बसमध्येच ठेवल्या. बिस्किटांचा पुडाही त्यातच राहिला.

“हात धरा माझा,” आत्या म्हणाली.

“मी काय लहान आहे? तू आपल्या लोकांबरोबर चाल. मी माझा येतो.”

“रागावलात?”

“मी? मला राग येतो का कधी?”

म्हणजे चांगलेच रागावले होते. आत्यालाही राग आलाच होता. ती पुढे गेली, दर वळणावर मागे वळून टोप्या मोजत. अकरा. पुढच्या वळणाला पुन्हा अकरा.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. आधी समुद्र गेला, मग पायवाटेच्या कडेचे खांब गेले, मग दहा पावलांवरचं माणूसही दिसेना. दिसायचे ते नुसते नारिंगी ठिपके. आत्या थांबली. ठिपके एकामागून एक जवळून गेले. अकरा, तिच्या स्वतःच्या टोपीसकट. तिनं निश्चिंत श्वास घेतला आणि चढू लागली.

माथ्यावर पोचल्यावर भूलवाले डॉक्टर ओरडले, “फोटो! सगळे जवळ या!”

“आधी मोजणी,” आत्या म्हणाली. “अकरा. बरोबर.”

“दुसरी मोजणी?” मोठ्या सिस्टरांनी विचारलं. सगळे हसले. थिएटरचा नियमच तो: एकीनं मोजलेलं दुसरीनंही मोजायचं, नाहीतर आकडा धरत नाहीत. मोठ्या सिस्टर थट्टेनंच पुढे झाल्या आणि सवयीनं एकेका टोपीला बोट लावत चालल्या. नवव्या टोपीपाशी बोट थांबलं.

“आपण कोण?”

टोपीखाली तांबडी दाढी होती. आप्पांना दाढी नाही.

“मी असाच आलोय फिरायला,” तो गोंधळून म्हणाला. “खाली ऊन होतं तेव्हा एका आजोबांनी मला ही घातली. माझं टक्कल दाखवलं आणि हसले. मी नको म्हणत होतो.”

“कुठे? कुठल्या वळणावर?” आत्यानं त्याची बाहीच पकडली.

“दगडी बाक आहे तिथे. ते बसले होते. मला हातानं म्हणाले, तू जा. त्यांना खूप घाम येत होता. मला वाटलं, चढून आलेत म्हणून.”

घाम. आत्याच्या डोळ्यांपुढे ते ताट आलं. त्यावर पसरलेला रुमाल आणि रुमालाखालून डोकावणारा न चावलेला पाव. सुई घेतलेली, पोट रिकामं आणि वर चढण. रक्तातली साखर किती उतरली असेल, किती वेळात माणूस बेशुद्ध होतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. बाकाच्या पलीकडे कठडा नाही, हेही तिनं येताना पाहिलं होतं.

“कोणी हलायचं नाही,” ती म्हणाली, अगदी थिएटरमधल्या आवाजात. “सगळे धुक्यात पांगलात तर अकराचे सहा होतील. डॉक्टर, तुम्ही इथेच सगळ्यांना धरून थांबा. कोणाकडे काही गोड आहे?”

खिसे चाचपले गेले. च्युइंगम निघालं, तेही बिनसाखरेचं.

“मी येते,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

दोघी उतरू लागल्या. ओला दगड, त्यावर गुळगुळीत तळव्यांचे सहलीचे बूट. आत्या दोनदा घसरली. “आप्पा!” ती मराठीत ओरडत होती आणि मागून मोठ्या सिस्टरही ओरडत होत्या, “आप्पा!” त्यांना तो शब्द पहिल्यांदाच तोंडात घ्यावा लागत होता. धुक्यातून उत्तर येत नव्हतं. एक वळण. दुसरं वळण.

बाक रिकामा होता.

आत्या तिथेच उभी राहिली. वस्तू हरवली की ती शेवटची जिथे दिसली तिथून शोध सुरू करायचा, हे ती नव्या मुलींना शिकवते. तिनं बाकाभोवती पाहिलं. बाकामागे, कडेच्या बाजूला, गवत दबलं होतं. ती गुडघ्यांवर टेकली आणि हातानं चाचपत पुढे गेली. हाताला कोटाची बाही लागली.

आप्पा कुशीवर पडले होते. कपाळ गार, सदरा भिजलेला, ओठ थरथरत होते.

“आप्पा, मी आहे. डोळे उघडा.”

“ठेवल्या... परत ठेवल्या मी,” आप्पा जड जिभेनं पुटपुटले. “मोज हवं तर.”

आत्यानं वेड्यासारखे त्यांचे खिसे उलटे केले. वाटत होतं, एखादी तरी लपवली असेल, हट्टी माणूस आहे. चष्म्याचं घर निघालं, बसचं तिकीट निघालं. आयुष्यात त्यांनी तिचं एवढं एकदाच ऐकलं होतं.

“बाजूला हो,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. साखरेच्या पाच पुड्या. तळाशी त्याच हॉटेलचा निळा मासा छापलेला.

आत्या बघतच राहिली.

“बघतेस काय? फाड! ताठ बसव त्यांना, गिळता येतंय का ते आधी बघ.”

गिळता येत होतं. पहिली पुडी अर्धी हनुवटीवर सांडली. दुसरी गेली. तिसरी, चौथी. मग नुसतं थांबायचं. आत्यानं त्यांचं मनगट धरलं आणि नाडी मोजू लागली. दोनदा आकडा चुकला, तिचा. मोठ्या सिस्टरांनी दुसरं मनगट धरलं.

दहा मिनिटांनी आप्पांच्या नजरेत ओळख आली. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग फाटलेल्या पुड्यांकडे, मग मोठ्या सिस्टरांकडे.

“यांनी उचलल्या?”

“हो.”

“सगळ्यांदेखत?”

“नाही आप्पा. मी तुम्हाला ओरडत होते ना, तेव्हा असणार. माझं लक्ष तुमच्याकडे होतं. वरही सगळ्यांसमोर काढल्या नाहीत त्यांनी.”

आप्पांनी उरलेली पाचवी पुडी उचलली, मोठ्या सिस्टरांना दाखवत कोटाच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. मोठ्या सिस्टरांनी मान डोलावली.

“आता तरी हात धराल?” आत्यानं विचारलं.

“धर. पण पळवू नकोस.”

धुकं विरल्यावर वरचे सगळेही उतरून आले. खाली पोचेपर्यंत तिनं टोप्यांकडे एकदाही पाहिलं नाही. बसच्या दारात उभी राहून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत तिनं एकेकाला आत घेतलं. भूलवाले डॉक्टर वैतागले, “अहो, मीच आहे!” तरी टोपी काढायला लावली.