निंबाजीचे करंज

चामोर्शीहून मार्कंड्याकडे जाताना आमच्या गावाजवळ सडकेच्या दोन्ही बाजूंना करंज लागतात. लोक त्यांना निंबाजीची झाडं म्हणतात. परगावचा माणूस मान वर करून निंब शोधतो आणि आमची पोरं हसतात. हसू देत. मला मात्र तिथं पोचलं की गोकुळाबाई आठवते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा पन्नास साल उलटलं होतं आणि गडचिरोली धरून सगळा चांदा जिल्हा एकच होता. गोकुळाबाई आमची शेजारीण. ढिवराची बाई, तलावातली मासोळी विकून पोट भरायची. माझी सासू अबोल, म्हणून काय विचारायचं ते मी हिलाच विचारायची. हिचा नवरा निंबाजी आदल्याच वैशाखात गेला होता. मासोळीची कावड घेऊन बाजाराला निघाला आणि उघड्या सडकेवर ऊन लागून पडला. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, टेकायला एक झाड नाही.

बाईनं तेव्हापासून ध्यासच घेतला. त्या सडकेवर सावली झाली पाहिजे आणि तीही निंबाचीच. नवऱ्याच्या नावाचं झाड!

अडचण एवढीच की नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही; घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. नवराच गेला, आता कसलं कमी व्हायचं? पण जिभेचं वळण जात नाही. निंबाजी म्हणायचं नाही, म्हणून निंबही म्हणायचं नाही. पाला हवा असला तरी ती 'कडू पाला आन' म्हणायची.

त्या काळात पावसाळ्यात वनमहोत्सव असायचा. सरकारी नर्सरीत रोपं फुकट मिळायची, वर बांबूचे कठडेही. कठड्याशिवाय शेळ्या काही ठेवत नाहीत. बाई एकटीच बैलबंडी घेऊन गेली. मी असते तर पुढचा गोंधळ झालाच नसता.

नर्सरीतल्या शालिकरामनं विचारलं, "कोन्ता झाड पायजे, बाई?"

"थे... कडू."

"कोन्ता कडू?"

"जेच्या काडीनं दात घासतेत. जेचं तेल खरजेले लावतेत."

"असं सांग ना मंग!" म्हणत त्यानं बंडीत करंजाची रोपं भरली. करंजाच्या काडीनंही दात घासतात, त्याचंही तेल खरजेला लावतात. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

"करंज हाय हे दिसलं ना तुले? सांगितलं काऊन नाई?" ती परत आल्यावर मी चिडूनच विचारलं.

"कसं सांगू वं? नाव घ्या लागलं असतं." आधी ती हसली, मग पदरात तोंड घालून रडली.

पण रोपं टाकवेनात. लावली. गावानं यथेच्छ टिंगल केली. उन्हाळाभर तलावातून घागरी वाहून ती पाणी घालायची आणि मोठ्या कौतुकानं सांगायची, "माह्या करंजाले पालवी आली." काही वर्षांत झाडं अशी दाट झाली की भर वैशाखात बाजारकरू खाली टेकू लागले. जत्रेची माणसं बैल सोडायची.

मग गुणवंतराव आडवे आले. सडकेला लागून त्यांच्या बांध्या. सावलीखाली धान भरत नाही, हे काही खोटं नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी ते आपला गडी इस्तारी आणि कुऱ्हाड घेऊनच आले. बाई झाडासमोर उभी राहिली.

"सडक सरकारची," गुणवंतराव म्हणाले. "झाडं कोनाची हायेत? सांग नाव!"

बाजाराची गर्दी थांबून बघत होती. गोकुळाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "निंबाजीची."

आम्ही बायकांनी तोंडावर हात ठेवले. विधवा बाई, भर सडकेवर नवऱ्याचं नाव घेते! निंबाजीला उचलून घरी आणलं होतं ते गुणवंतरावांच्याच बंडीतून. "ऱ्हाऊ दे रे, इस्तारी," एवढंच म्हणून ते निघून गेले.

मी आनंदानं वेडी झाले होते. संध्याकाळी तिच्याकडे गेले, तर ही चूल न पेटवता बसलेली.

"मैना, माह्याकडून वंगाळ झालं वं."

"कसलं वंगाळ? वाचले ना झाडं!"

"म्या नाव घेतलं. मानूस त गेलाच होता. पन आता नाव झाडायले लागलं. त्यायचं आयुष्य कमी झालं त?"

मी तिला नुसती जवळ घेतली.

त्या दिवसापासून तिनं करंज हा शब्दही सोडला. सकाळी घागर डोक्यावर घेऊन निघायची. मी हाक मारली, जरा बस म्हटलं, तर पदर सावरत म्हणायची,

"बसत नाई वं. थे वाट पाहून राह्यले."