मुकी बाई हवी आहे

"बाळाला सांभाळायचं, पण त्याच्याशी बोलायचं नाही."

साबण कुठला, खिचडी किती पातळ, हे सांगताना मॅडमचा जो आवाज होता त्याच आवाजात त्यांनी हेही सांगितलं. मी सोफ्याच्या कडेला उभी होते. बस म्हणून कुणी म्हणालं नव्हतं.

"म्हणजे कसं?" मी विचारलं.

"तुझी भाषा उचलेल गं तो. आत्ताच तर बोलायचं वय आहे. टॅबवर गाणी लावून दे. तू नुसतं लक्ष ठेव."

घर लातूरचं. काम कॉलेज सुटल्यावर संध्याकाळपर्यंतचं. तेही त्यांची नेहमीची बाई बाळंतपणाहून परत येईपर्यंत, दीड-दोन महिने. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मावशी त्या घरी स्वयंपाक करत, त्यांनीच माझं नाव सुचवलं होतं. मला काम हवंच होतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष. घरून भाडं यायचं बंद झालेलं. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात भाऊ माझ्यासाठी स्थळं बघत होता. खोली सुटली की शिक्षण सुटणार आणि मी मांडवात उभी राहणार. इतकं सरळ.

पुस्तकी मराठी मला येत नाही असं नाही. परीक्षेत तीच लिहिते. त्या दिवशीही 'हो', 'नाही', 'चालेल' असं धुऊन वाळवलेलं बोलत होते. एकदाच 'हो'ऐवजी तोंडातून 'हाव' गेलं. तेवढ्यावरून अट आली.

भिंतीवर मोठं चित्र होतं. डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चाललेली खेड्यातली बाई. सोनेरी चौकट. ती त्या घरात चालत होती, कारण ती बोलत नव्हती.

चित्राखाली मॅडमचे यजमान पेपर वाचत होते. मराठीचे प्राध्यापक. त्यांना मी आधी ऐकलं होतं, नांदेडला, एका कार्यक्रमात. शाल, श्रीफळ, आणि मराठवाड्याची बोली आपली माय कशी आहे यावर लांबलचक भाषण. शेवटी चष्मा काढून सरांनी डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवल्या होत्या. इथे मात्र त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

आज थोडा वेळ थांब, जमतंय का बघू, असं म्हणून मॅडम आत गेल्या.

मी गप्प बसले. टॅबवर रंगीत प्राणी इंग्रजी गात होते. बाळ मात्र माझ्या तोंडाकडे बघत होतं. दोनेक वर्षांचं असेल. जवळ आलं आणि बोटानं माझे ओठ वाजवून बघितले, बंद दुकानाचं शटर वाजवतात तसे.

मग पळता पळता ते टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटलं. कपाळावर टेंगूळ. मी उचललं आणि तोंडातून आपोआप निघालं, "लई लागलं का रं माझ्या राजाला? लई?"

रडणं थांबलं. हुंदका गिळून ते म्हणालं, "लई."

मॅडम धावत आल्या. टेंगूळ त्यांनी बघितलं नाही. टेबलावरच्या पाकिटातून ओला रुमाल ओढला आणि बाळाचं तोंड पुसलं. ओठ, हनुवटी, पुन्हा ओठ. लेकरानं माती खाल्ल्यावर पुसतात तसं. तोंडाला काहीही लागलेलं नव्हतं.

मी टेंगूळ चोळत राहिले.

तेव्हा सर बोलले. पेपर न हलवता. "अगं, फार गोड बोली आहे ती. पण घरात नको."

एवढं पथ्य पाळणार असशील तर काम तुझंच, मॅडम म्हणाल्या. उद्या सकाळी कळव.

संध्याकाळी मावशींना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हसल्या. "गप बसायचा पगार मिळायलाय की तुला. मी त्या घरात फुकट गप हाय."

मग हसू गेलं. "येडी हाईस का पोरी? दोन महिने तोंड शिव. परीक्षा दे. मग बोल की जन्मभर."

त्यांचं चुकत नव्हतं. पण मला पुढच्या दुपारी दिसत होत्या. लेकरू ओठ वाजवणार, मी भिंतीवरच्या बाईसारखी बघणार. ते पडलं तर टॅबचा आवाज वाढवणार. हा पगार बाळ सांभाळायचा नव्हता. माझी भाषा घाण आहे, हे रोज गपचूप कबूल करायचा होता.

सकाळी फोन केला. "मॅडम, मी येनार न्हाई."

"का? पैसे कमी वाटतात?"

"न्हाई. लेकराचं तोंड पुसलं तुम्ही, त्याची मला लई किळस आली."

"नीट बोल."

"नीटच बोलायलेय," म्हणाले आणि फोन ठेवला.

मावशी अजून धड बोलत नाहीत माझ्याशी. मी आता डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांच्या मेसवर भाकरी थापते. पगार कमी, धूर जास्त, बोटं भाजतात. पुढच्या महिन्याचं भाडं निघेल की नाही, सांगता येत नाही. भावालाही कळवलंय, परीक्षा झाल्याशिवाय मी गावाकडं येनार न्हाई. याच शब्दांत.

आणि सरांचं पुढचं भाषण नांदेडला असो की देगलूरला, एसटीनं जाईन, पहिल्या रांगेत बसेन. त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला की उभी राहून विचारीन, "सर, घरी लेकराचं तोंड आजून पुसतेत का?"